चार खिडक्यांची सिस्टर

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना आमच्या ऑफिससमोर कंटेनरचा ट्रेलर येऊन उभा राहायचा. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांची काही कमी नाही, बंदराकडे दिवसभर त्यांची रांग लागलेली असते. पण हा एकच आमच्या काचेच्या इमारतीपुढे थांबायचा. ड्रायव्हर खाली उतरायचा, वळसा घालून पलीकडे जायचा, केबिनखाली एक लाकडी स्टूल मांडायचा आणि हात वर करायचा. मग आधी तीन पुडांचा डबा, मग पांढरे कॅनव्हासचे बूट, मग कडक इस्त्रीची सुती साडी अशा क्रमाने सिस्टर जमिनीवर यायच्या. ड्रायव्हर म्हणजे त्यांचे यजमान. स्टूल पुन्हा केबिनमध्ये जायचं आणि ट्रेलर बंदराकडे निघायचा.

कुणी नव्या माणसाने विचारलं, की सिस्टर, तुम्ही रिक्षाने का येत नाही, तर त्या म्हणायच्या, "घरची गाडी असताना रिक्षा कशाला?"

ऑफिसात बाकी सगळे सर आणि मॅडम होते. सिस्टरना मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी होते. तिथं मिळालेलं नाव हाय ते. पुसू नका," असं त्यांनी मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या थिएटरात त्या सिस्टर होत्या. गुडघे गेले तेव्हा ती नोकरी सोडली, वर्षभर घरी बसल्या, कंटाळल्या आणि पन्नाशीत परीक्षा देऊन मेडिकल कोडिंगमध्ये आल्या. त्यांच्या मुलीच्या वयाच्या आम्ही पोरी त्यांच्या हाताखाली शिकलो.

आमचं काम थोडक्यात असं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत ऑपरेशनं व्हायची. सर्जन काय काय केलं ते सविस्तर लिहून ठेवायचे. ते कागद आमच्या पडद्यावर यायचे, आम्ही ते वाचायचे आणि आजाराला एक, ऑपरेशनला एक असे ठरलेले कोड लावायचे. पुढे विम्याची माणसं तो कोड पाहूनच ठरवतात की काय झालं, आणि ते व्हायला हवं होतं का. पानंच्या पानं लिहिलेलं ऑपरेशन शेवटी पाच-सात अक्षरांत मावतं. एक अक्षर चुकलं तर दुसरंच ऑपरेशन होतं.

मी म्हसळ्याची. प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते आणि मला वाटत होतं की मला शरीर माहीत आहे. मुलाखतीला सिस्टर समोर होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"किडनी कुठं असते? हात लावून दाखव."

मी पोटावर, बेंबीच्या जरा बाजूला हात ठेवला.

"तिथं भूक असते," त्या म्हणाल्या. "किडनी पाठीला असते. पण हात लावलास, लाजली नाहीस. ये सोमवारपासून."

त्यांचा विषय महाधमनी. म्हणजे काम सगळ्याच प्रकारचं यायचं, पण महाधमनीच्या फुग्याचं ऑपरेशन आलं की ते आपोआप त्यांच्या टेबलाकडे जायचं. बाकीचे त्याला हात लावायला घाबरायचे. त्या आम्हाला बागेच्या पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा घेऊन शिकवायच्या. ही महाधमनी. हृदयातून निघते, छातीतून पोटात उतरते, बेंबीपाशी दोन पायांसाठी दुभंगते. पोटात तिला चार मोठे फाटे: एक जठर आणि यकृताकडे, एक आतड्यांकडे आणि दोन्ही किडन्यांकडे एकेक. वयाने, विडीने, रक्तदाबाने तिची भिंत सैल पडते आणि एका जागी फुगा येतो. फाट्यांच्या खाली फुगा असला तर जांघेतून एक नळी आत सरकवून बसवतात आणि रक्त त्या नळीतून वाहतं, फुग्यावर जोर येत नाही. पण फुगा फाट्यांपाशीच असला तर साधी नळी फाट्यांची तोंडंच बंद करील. म्हणून त्या माणसाच्या मापाने नळी बनवून घेतात आणि तिला नेमक्या जागी खिडक्या ठेवतात. प्रत्येक खिडकीतून एक छोटी नळी फाट्यात जाते. सिस्टरनी ब्लेडने नळीला चार भोकं पाडली होती आणि त्यातून शीतपेयाच्या चार स्ट्रॉ बाहेर काढल्या होत्या. "किती खिडक्या, त्यावर कोड. म्हणून खिडक्या मोजायला शिका. आणि मोजताना लक्षात ठेवा, एक खिडकी चुकली तर खऱ्या माणसाची किडनी जाते."

त्यांचे वडील मिठागरात कामाला होते. एकदा मी विचारलं की फुगा वर्षानुवर्षं कळत कसा नाही. त्या म्हणाल्या, "मिठागराचा बांध एका भरतीत नाय फुटत. आधी एका जागी पोट काढतो. माजा बाप रोज बांधावरून चालायचा, नुसतं बघत. लोकं हसायची त्याला. त्याच्या वाट्याचा बांध कवा फुटला नाय."

सिस्टरच्या काही सवयी अशा होत्या की नवीन माणूस गोंधळून जायचा. ऑपरेशनचा कागद उघडण्यापूर्वी त्या बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायच्या. पडद्यावरच्या कागदाला कसला आलाय जंतुसंसर्ग, पण धुवायच्या. मग पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन ती पडद्याच्या वरच्या भागावर चिकटपट्टीने लावायच्या. ऑपरेशनच्या कागदावर सुरुवातीलाच मथळा असतो: अमुक ऑपरेशन, इतक्या खिडक्या. सिस्टर तो मथळा झाकून टाकायच्या आणि आधी खालचा सगळा मजकूर वाचायच्या. पत्रिकेवर गणपती होता. त्यामुळे अमेरिकेतल्या प्रत्येक ऑपरेशनच्या डोक्यावर आमच्या ऑफिसात गणपती बसलेला असायचा.

"मथळा डॉक्टर सवयीनं लिहितो," त्या म्हणायच्या. "हातानं काय केलं ते खाली असतं."

आणि त्यांच्यापुढे कुणी 'केस' म्हणायची सोय नव्हती. "सिस्टर, ही केस जरा बघता का?" असं मी पहिल्या आठवड्यात म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "केस न्हावी कापतो. हा माणूस हाय. बहात्तर वर्षांचा. बायको बाहेर बसली असंल."

दुपारी डबा उघडला की सुकटीचा वास मजलाभर जायचा. तक्रार गेली. मॅनेजर स्वतः सांगायला आला आणि सिस्टरनी त्याला बसवून चमचाभर सुकट आणि तांदळाची अर्धी भाकरी खायला घातली. तक्रारीचं पुढे काही झालं नाही.

खिडक्यांवरून त्यांचं मोठं भांडण झालं ते मी लागल्यावर वर्षभराने. एका म्हाताऱ्याच्या ऑपरेशनचा कागद आला होता. मथळ्यात तीन खिडक्या. शेवटच्या सारांशातही तीन. सिस्टरनी पत्रिका लावून मधला मजकूर वाचला आणि तिसऱ्या पानावर एका लांबलचक वाक्याच्या पोटात त्यांना चौथी सापडली. जठर-यकृताच्या फाट्यातही छोटी नळी घातल्याचं सर्जनने लिहिलं होतं, फक्त मोजताना तो स्वतःच विसरला होता. सिस्टरनी चार खिडक्यांचा कोड लावला आणि सर्जनला विचारायचा प्रश्न सोबत जोडला.

मुख्य ऑफिसातल्या तपासनिसाने तो कोड खोडला. मथळ्यात तीन, सारांशात तीन, मग चार कुठून आले, असा शेरा मारला. सिस्टरच्या नावापुढे चूक लागली. एवढ्या वर्षांत ती पहिलीच. मॅनेजर म्हणाला, जाऊ द्या सिस्टर, एका चुकीने काही बिघडत नाही.

"माजं नाय बिघडत," सिस्टर म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याचं बिघडतं. उद्या त्याच्या पोटात दुखलं तर दुसरा डॉक्टर हा कागद बघंल. त्याला तीनच खिडक्या दिसतील. चौथीतली नळी तो शोधणारच नाय."

सर्जनला प्रश्न लिहायचं काम त्यांनी मला दिलं. मी लिहिलं, 'आपण चार खिडक्या ठेवल्या होत्या ना?' त्यांनी ते खोडलं. "डॉक्टरच्या तोंडात घास घालायचा नाय. आपण प्रश्न विचारायचा, उत्तर त्याचं त्याला देऊ दे." कोडिंगमध्ये हा नियमच आहे, सुचवलेलं उत्तर चालत नाही. पण नियम पाठ असणं वेगळं आणि त्या सकाळी सिस्टर दोन ओळींसाठी ज्या तऱ्हेने झगडल्या ते वेगळं. शेवटी त्यांनी लिहिलं की मथळ्यात अमुक लिहिलं आहे, तिसऱ्या पानावर अमुक लिहिलं आहे, कृपया कोणत्या फाट्यांमध्ये नळ्या बसवल्या ते स्पष्ट करावं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. सर्जनने दुरुस्ती जोडली होती. चार. वर एक ओळ होती, हे ज्यांनी वाचलं त्यांचे आभार. तपासनिसाचा शेरा निघाला, सिस्टरची चूक निघाली, मॅनेजरने पेढे आणले. सिस्टरनी पेढा हातात धरून ठेवला.

"तो घरी गेला का?" त्यांनी विचारलं.

कुणाला काय माहीत. आम्हाला त्याची गरज नसायची. सिस्टरनी संगणकावर मागे पुढे जाऊन त्या म्हाताऱ्याचा शेवटचा कागद शोधून काढला. घरी सोडलं, चालत गेला, असं लिहिलं होतं. मग त्यांनी पेढा खाल्ला.

हे सगळं मी शिकले, असं मला वाटत होतं. मीही मथळे झाकायला लागले होते. माझ्या टेबलावर मावशीच्या मुलीच्या बारशाचं कार्ड होतं. आणि तरीही माझ्या बापाचा कागद मी वाचला नाही.

बाबा म्हसळ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले तरी गावातली कुठली गाडी बिघडली की माणसं त्यांनाच बोलवायची. विडी तोंडात आणि माणूस गाडीखाली, हे त्यांचं रूप मी लहानपणापासून बघत आले. त्यांची कंबर दुखत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली, किडनीत खडा निघाला. आईने तो कागद माझ्याकडे पाठवला, की तुझ्या ऑफिसात त्या सिस्टर आहेत त्यांना विचार, खड्याला चांगला डॉक्टर कोण. मी शेवटचा निष्कर्ष वाचला, खडा लहान होता, मला हायसं वाटलं. दुपारी डबा खाताना तो कागद मी सिस्टरपुढे ठेवला.

"कुणाचा?"

"बाबांचा. मुतखडा आहे."

त्यांनी डबा बाजूला सारला. उठून हात धुवून आल्या. पत्रिका घेतली आणि खालचा निष्कर्ष झाकला. मला हसू आलं, कारण हा काही अमेरिकेचा कागद नव्हता. त्या वरून वाचत खाली आल्या. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड. मग बोट थांबलं.

"हे वाचलंस?"

बारीक अक्षरात दोन वाक्यांच्या मधे एक वाक्य होतं. किडन्यांच्या पातळीवर महाधमनी फुगलेली, रुंदी सहा सेंटिमीटरच्या वर. निष्कर्षात त्याचा उल्लेख नव्हता. तिथं फक्त खडा होता. महाधमनी साधारण दोन सेंटिमीटरची असते. सहा म्हणजे कधीही फुटेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच सकाळी सिस्टरच्या टेबलावरच्या दोन महाधमन्यांना मी कोड लावले होते.

मला वाटलं त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. "फोन लाव घरी. बाबा काय करतायत ते विचार."

आई म्हणाली, समोरच्यांची जीप आली आहे, ते तिच्याखाली आहेत. सिस्टरनी फोन माझ्या हातातून घेतला.

"त्यांच्या कानाला लावा वहिनी. खालीच असू दे, कानाला लावा."

थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला. "कोण?"

"मी उरणची सिस्टर बोलते. तुमच्या पोरीची. हातात काय हाय?"

"पाना हाय. का?"

"तो खाली ठेवा. जोर लावू नका. कुशीवर वळा आणि हळू बाहेर या."

"अवो, दोनच नट र्‍हायलेत."

"नट र्‍हाऊ दे. तुमच्या पोटातली नळी फुगलीय. टायरला फुगा आल्यावर तुम्ही त्यावर गाडी चालवता का?"

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "न्हाय चालवत." आणि फोनवरूनच आम्हाला ऐकू आलं, की ते बाहेर येत आहेत, आई विचारते आहे काय झालं, आणि ते सांगत आहेत, काय न्हाय, जरा बसतो.

त्याच संध्याकाळी गाडी करून त्यांना मुंबईला आणलं. तपासण्या झाल्या. फुगा किडनीच्या फाट्यांपासूनच सुरू होत होता आणि वर आतड्यांच्या फाट्यापर्यंत भिंत सैल होती. पोट उघडून ऑपरेशन करावं तर विडीने छातीची दशा करून ठेवलेली. सर्जन शांत माणूस होते. त्यांनी चित्र काढून सांगितलं की यांना खिडक्यांची नळी लागेल, चार खिडक्यांची, मापाने बनवून मागवावी लागेल, त्याला काही आठवडे जातील. तेव्हा आजच्या आज मागवायला हवी. विम्याची मंजुरी आली की लगेच मागवू.

विमा होता. आमच्याच कंपनीने आईवडिलांसकट काढलेला. मंजुरी आली नाही. तीन दिवसांनी नकाराचं पत्र आलं: या ऑपरेशनसाठी खास बनवलेल्या नळीची आवश्यकता दिसत नाही. बाबांनी ते पत्र मला वाचायला लावलं आणि म्हणाले, "राहू दे. घरी जाऊ. इतकी वर्सं टिकली ती टिकल अजून." त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि घाबरल्यावर ते अगदी असं हळू बोलतात हेही मला तेव्हाच कळलं.

मी सिस्टरना फोन केला. त्यांनी त्या ऑफिसात कधी रजा घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या उरणच्या मोरा धक्क्यावरून पहिल्या लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरल्या आणि दहाच्या आत हॉस्पिटलात हजर झाल्या. यजमान सोबत होते, स्टूल घेऊन. लाँचमधून धक्क्यावर चढताना लागतं म्हणाले.

विम्याच्या खिडकीमागे एक थकलेली मुलगी होती. सिस्टरनी तिच्याकडून भरलेल्या अर्जाची प्रत मागितली. अर्जात आजाराचा कोड असतो आणि ऑपरेशनचा सात अक्षरांचा कोड. या सातांतलं सहावं अक्षर सांगतं की शरीरात नेमकं काय बसवलं. सिस्टरनी बोट ठेवलं. सहाव्या जागी डी होता.

"डी म्हंजे साधी नळी, बिनखिडकीची," त्या म्हणाल्या. "या सात अक्षरांत तीन-चार वेगळं नसतं, तीन किंवा जास्त खिडक्यांना एफ लागतो. तू साध्या नळीचं ऑपरेशन लिहिलंस आणि सामान खिडक्यांच्या नळीचं मागितलंस. ते नाय म्हणणारच."

मुलगी पांढरी पडली. "मॅडम, यादीत महाधमनीला पहिलं हेच येतं. आम्ही नेहमी हेच घेतो."

"तुजी चूक नाय पोरी. यादीत पहिलं येतं ते सगळेच घेतात. आता दुसरं घेऊ. आणि मला सिस्टर म्हण."

अडचण अशी होती की एकदा नाकारलेला अर्ज नुसता दुरुस्त करून चालत नव्हतं. नव्या अर्जावर सर्जनची सही हवी, आणि सर्जन संध्याकाळपर्यंत थिएटरात. मी खुर्चीत बसले, वाट बघायच्या तयारीने. सिस्टर बसल्या नाहीत. "दोन ऑपरेशनांच्या मधे सर्जन चहा पितो," त्या म्हणाल्या. "फरशी पुसून होईस्तोवर. पंधरा मिनिटं." लंगडत लंगडत त्या थिएटरच्या मजल्यावर गेल्या, तिथल्या सिस्टरशी काहीतरी बोलल्या, आणि ती सिस्टर हसून आत गेली. अर्ध्या तासाने सर्जन हिरव्या कपड्यांत, हातात चहाचा कप घेऊन बाहेर आले.

सिस्टरनी त्यांना कोड दाखवला. मग म्हणाल्या, "सर, एक विनंती हाय. तुम्ही नळीचं माप काढताना जो कागद केला असंल, प्रत्येक खिडकी किती उंचीवर, घड्याळाच्या कितव्या आकड्यावर, तो अर्जाला जोडायला हवा. त्यात चार खिडक्या डोळ्यांनी दिसतील."

सर्जनांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कुठल्या थिएटरात होता?"

सिस्टरनी सांगितलं. सर्जनांनी कप ठेवला, सही केली आणि स्वतः जाऊन मापाचा कागद घेऊन आले.

दुपारी विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. खिडकीमागच्या मुलीने तो घाबरून सिस्टरच्या हातात दिला.

"आपण पेशंटच्या कोण?" पलीकडून विचारलं.

"मी कोड लावते."

"मॅडम, आधीच्या अर्जात साधी नळी होती. आज अचानक चार खिडक्या?"

"खिडक्या आज आल्या नाहीत सर. फुगा तिथंच होता. लिहिलं नव्हतं. तुमच्यापुढं मापाचा कागद हाय का?"

"आहे."

"पहिली ओळ, जठर-यकृताचा फाटा. दुसरी, आतड्याचा. तिसरी, उजवी किडनी. चौथी, डावी. दोघींमधे अंतर किती हाय ते बघा. आता फुगा कुठून सुरू होतो ते बघा. साधी नळी टेकवायला निरोगी भिंत कुठं हाय ती मना दाखवा. मी साधीचाच कोड लावते."

पलीकडे कागद उलटल्याचं ऐकू येत होतं. सिस्टर थांबल्या. उत्तर त्यांनी सुचवलं नाही.

"नाही आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "भिंतच नाही आहे टेकायला. आधीच्या अर्जात हे कुणी लिहिलं नव्हतं."

"आता लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत मंजुरी आली. खिडकीमागची मुलगी कागद घेऊन वॉर्डपर्यंत धावत आली होती. नळी त्याच दिवशी मागवली गेली. ती बनून येईपर्यंतचे आठवडे बाबांनी आमच्या आत्याकडे ठाण्याला काढले, विडीविना, आणि सिस्टर रोज सकाळी त्यांना फोन करून रक्तदाबाचा आकडा विचारायच्या. एकदा बाबांनी आकडा कमी करून सांगितला. सिस्टर म्हणाल्या, "खोटं बोललात. विडी ओढलीत." ओढली होती.

ऑपरेशनला सहा तास लागले. आम्ही बाहेर बसलो होतो, आई, आत्या, मी. सिस्टर तासातासाला उठून दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. आता पहिला फाटा असंल, म्हणायच्या. आता दुसरा. मला तेव्हा समजलं की गेली सव्वीस आणि वर सात अशी वर्षं या बाई त्या दाराच्या आत होत्या, आधी हातांनी आणि मग डोळ्यांनी, आणि बाहेरच्या बाकावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आईने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

सर्जन बाहेर आले. आई उभी राहिली. "चारही खिडक्या चालू आहेत," ते म्हणाले. "फुग्यात आता रक्त जात नाही."

आम्ही तिघी रडायला लागलो. सिस्टरनी विचारलं, "लघवी किती झाली?"

सर्जन हसले. त्या एका प्रश्नात सगळं होतं, किडन्यांना रक्त मिळतं आहे की नाही ते. "पिशवी भरली आहे सिस्टर. बदलायला सांगून आलोय."

तेव्हा कुठे त्या बाकावर टेकल्या आणि पदर तोंडावर घेतला.

तिसऱ्या दिवशी त्या बाबांना भेटायला वॉर्डात आल्या. बाबा उशीला टेकून बसले होते, आणि दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आली होती. फोनवर इतकं बोलली होती ती माणसं. सिस्टर म्हणाल्या, "थिएटरात माणसं झाकून आणतात. पडद्यावर तर नावपण नसतं. तोंड बघायची सवय नाय मना. मिश्या चांगल्या हायत तुमच्या."

"त्या ऑपरेशनला काढणार होते," बाबा म्हणाले. "मीच न्हाय म्हटलं. जांघेतून जायचंय, मिश्यांचं काय काम."

दोघं हसायला लागली तशी नर्स येऊन ओरडून गेली, टाक्यांवर ताण येईल म्हणून.

सिस्टरनी आता ते ऑफिस सोडलं आहे. उरणजवळच्या त्यांच्या गावात, घराच्या पडवीत त्या मुलींना शिकवतात. मिठागरांतल्या, कोळीवाड्यातल्या, ट्रेलरवाल्यांच्या मुली येतात. गेल्या खेपेला परीक्षेला बसलेल्या साऱ्या पास झाल्या. मॅनेजर त्यांना न्यायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सुकट खाऊन परत गेला.

पण मला सांगायचं आहे ते हरिहरेश्वरचं. ऑपरेशनला सहा महिने झाल्यावर बाबांनी ठरवलं की प्रदक्षिणा करायची. देवळामागच्या डोंगराला पायऱ्या चढून जायचं, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून उतरायचं आणि समुद्राच्या काठच्या खडकांवरून वळसा घालून परत यायचं. ओहोटीलाच करता येते. धडधाकट माणसाला अर्धा तास लागतो. सर्जनांनी परवानगी दिली होती, तरी बाबा म्हणाले, सिस्टरना बोलव, त्या हो म्हणाल्या तर जातो.

सिस्टर आल्या. पायऱ्या पाहिल्या, बाबांकडे पाहिलं. "जा," म्हणाल्या. "मी इथं बसते, माजे गुडघे नाय चढायचे. घाई करू नका. दम लागला तर थांबा."

आम्ही चढलो. बाबा माझ्यापुढे होते. वर पोचल्यावर मी धापा टाकत उभी राहिले आणि ते समुद्राकडे बघत होते. घळीतून उतरताना त्यांनी मला हात दिला. खडकांवर शेवाळ होतं, लाटेचं पाणी पायांवरून जात होतं, आणि ते एखाद्या गाडीचं इंजिन ऐकावं तसं काहीतरी ऐकत, मान जरा कलती करून चालत होते. मधेच एकदा त्यांनी शर्टावरून पोटाला हात लावला आणि पुढे चालू लागले.

वळण घेऊन देवळाच्या बाजूला आलो तेव्हा सिस्टर वाळूच्या टोकाशी, पाण्याजवळ येऊन उभ्या होत्या. एवढ्या मऊ वाळूतून त्या गुडघ्यांनी कशा आल्या कुणास ठाऊक. त्यांची नजर आमच्याकडे नव्हती, फक्त बाबांकडे होती. बाबा शेवटच्या खडकावरून उतरले आणि पाण्यातून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"दम न्हाय लागला, सिस्टर."

सिस्टरनी त्यांचं मनगट घेतलं. दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत त्या मनात मोजत राहिल्या, पूर्ण एक मिनिट. लाटा येत होत्या, दोघांचे पाय भिजत होते, कुणी हललं नाही. मिनिट संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही.

"सिस्टर, बरोबर हाय ना?" बाबांनी विचारलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मोजून झालं. असाच धरून ठेवलाय."